सुपरचार्जर लावल्यावर वरच्या आरपीएमला मिश्रण लीन होतंय: पंप बदलायचा की इंजेक्टर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन लिटरचे, चार सिलिंडरचे पोर्ट इंजेक्शन इंजिन; त्यावर बेल्टवर चालणारा, इंजिनात दाबाने हवा भरणारा सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर. ६,५०० आरपीएमला ०.६ बार बूस्ट, म्हणजे वातावरणापेक्षा तितका जास्त दाब, मिळतो. ५,००० च्या पुढे वाइडबँडवर (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचे प्रमाण दाखवणाऱ्या मीटरवर) मिश्रण लीन होत जाते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. फ्युएल रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) रिटर्न लाइनची, म्हणजे उरलेले पेट्रोल टाकीत परत जाते; रेलचे प्रेशर राखणारा रेग्युलेटर मूळचा ३ बारचा. पुढे पुली लहान करून क्रँकवर ३०० एचपी गाठायचे आहेत. तर पंप बदलावा, इंजेक्टर बदलावेत, की दोन्ही?

पहिली गोष्ट: कारण सापडेपर्यंत, लॉगसाठीची धाव सोडली तर, फुल थ्रॉटलवर ४,५०० च्या वर जाऊ नका. बूस्टमध्ये मिश्रण लीन झाले की नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) सुरू होते, आणि बूस्टखालचे नॉकिंग फार वेळ देत नाही. पिस्टनच्या रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात, स्पार्क प्लगचे टोक वितळते, आणि कानाला काही कळायच्या आत काम झालेले असते. साध्या इंजिनात थोडे लीन चालून जाते. इथे जास्तीचे पेट्रोल ज्वलनकक्ष थंड ठेवण्याचे कामही करत असते, म्हणूनच पेट्रोलवर बूस्टमध्ये आपण मिश्रण साधारण ११.८ ते १२.३ च्या आसपास (वजनाने एक भाग पेट्रोलमागे इतके भाग हवा) ठेवतो.

दुसरी गोष्ट: अजून एकही पार्ट मागवू नका. फ्युएल रेलवर ० ते १० बारचा प्रेशर सेन्सर बसवा आणि तो आरपीएम, मॅनिफोल्डचे (सिलिंडरांकडे जाणाऱ्या हवेच्या मार्गाचे) प्रेशर, इंजेक्टरचा ड्युटी सायकल (चक्रातला किती टक्के वेळ तो उघडा राहतो) व वाइडबँडसोबत एकाच लॉगमध्ये नोंदवा. बॉनेटखाली घड्याळासारखा गेज लावून उभ्या गाडीवर रेस दिली, तर त्यातून काहीच समजत नाही. उभ्या गाडीत इंजिन पेट्रोल मागतच नाही. लॉग लोडखालीच हवा, शक्यतो डायनोवर (गाडी जागेवरच लोडखाली चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर).

इतका आग्रह का, ते सांगतो. इंजेक्टरला दोनच गोष्टींशी देणेघेणे असते. तो किती वेळ उघडा राहिला, आणि त्याच्या दोन टोकांमध्ये प्रेशरचा फरक किती होता. एका टोकाला रेल, दुसऱ्या टोकाला मॅनिफोल्ड. ईसीयू (इंजिनाचा संगणक) फक्त उघडण्याचा वेळ ठरवतो. प्रेशरचा फरक कायम आहे असे तो गृहीत धरतो. हा फरक ढळला की ईसीयूचे सगळे गणित बिघडते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता तुमचे आकडे घालून पाहू. मूळ फरक ३ बारचा. मॅनिफोल्डमध्ये ०.६ बार बूस्ट आला, तर रेलमध्ये ३.६ बार हवेत. रेग्युलेटरला बूस्टची खबर मिळत नसेल, तर रेल ३ वरच राहते आणि फरक उरतो २.४. प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे २.४ भागिले ३ चे वर्गमूळ, सुमारे ०.८९. साडेदहा टक्के पेट्रोल गायब. १२ चे मिश्रण १३.४ वर जाते. यात पंप दणकट होता, इंजेक्टरही पुरेसे होते. दोष रेग्युलेटरला मॅनिफोल्डशी जोडणाऱ्या, सात-आठ इंच लांबीच्या एका रबरी नळीचा होता.

म्हणून लॉगमधून आधी रेलचे प्रेशर वजा मॅनिफोल्डचे प्रेशर असा एक स्तंभ तयार करा. पुढचे निदान बहुतेक त्या एका स्तंभातच सापडते.

फरक बूस्ट सुरू झाल्यापासूनच, बूस्ट जितका वाढेल बरोब्बर तितकाच कमी होत असेल, तर रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी तपासा. ती मॅनिफोल्डमधून, थ्रॉटलच्या पुढे, वाल्व्हच्या बाजूने घेतलेली हवी. ज्या रूट्स किंवा स्क्रू प्रकारच्या सुपरचार्जरमध्ये थ्रॉटल ब्लोअरच्या (म्हणजे सुपरचार्जरच्याच) आधी असतो, तिथे ब्लोअरच्या आधीची कुठलीही नळी निरुपयोगी. बूस्ट असतो ब्लोअरच्या खाली. ब्रेक बूस्टरच्या नळीत एकदिशा वाल्व्ह असतो, त्याच्या पलीकडून टी काढली तर रेग्युलेटरला बूस्ट कधीच पोहोचत नाही. ही जोडणी मी वारंवार पाहतो, कारण ती नळी हाताशी असते आणि जाड असते. रेग्युलेटरला स्वतंत्र नळी द्या, दोन्ही टोकांना क्लिप लावा. व्हॅक्युमवर नळी आपोआप चिकटून राहते, बूस्टमध्ये ती उडून जाते.

फरक बूस्टमध्येही ३ वर नीट टिकतो, पण आरपीएम चढेल तसा शेवटी शेवटी ढासळतो, तर इंजिन मागते तितके पेट्रोल रेलपर्यंत पोहोचत नाही. इथे संशय पंपावर, फिल्टरवर, टाकीतल्या जाळीवर आणि सगळ्यात जास्त वायरिंगवर.

फरक शेवटपर्यंत ३ आहे आणि ड्युटी सायकल ९५ च्या वर गेलाय, तर इंजेक्टर संपले. त्यांना उघडायला आणखी वेळच उरलेला नाही. ६,५०० आरपीएमला चार-स्ट्रोक इंजिनाचे एक पूर्ण चक्र १८.५ मिलिसेकंदांत उरकते. त्यापेक्षा जास्त वेळ इंजेक्टर उघडा ठेवता येत नाही, ईसीयूने मागितला तरी.

आणि चौथी शक्यता, जी लोक सगळ्यात शेवटी पाहतात: प्रेशर छान, ड्युटी ७० टक्के, तरीही लीन. याचा अर्थ पेट्रोल उपलब्ध आहे, पण ईसीयू ते मागतच नाही. मूळचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) १ बारचा असेल, तर वातावरणाच्या दाबापलीकडे त्याला काही दिसत नाही, बूस्ट ०.१ असो की ०.६, तो तोच आकडा पाठवतो. हवेचा मास सेन्सर असेल तर तो ५ व्होल्टला जाऊन थांबलेला सापडतो. कधी ट्यूनच्या (ईसीयूत भरलेल्या आकड्यांच्या) तक्त्यात बूस्टचे रकानेच नसतात. अशा वेळी कितीही मोठा पंप लावा, उपयोग शून्य.

तुमच्या वर्णनावरून माझा कल दुसऱ्या आणि तिसऱ्या शक्यतेकडे आहे. सेंट्रिफ्युगल सुपरचार्जरचा बूस्ट आरपीएमच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६,५०० ला ०.६ बार, तर ४,००० ला जेमतेम ०.२२. पेट्रोलची मागणी शेवटच्या दीड हजार आरपीएममध्ये एकदम उभी चढते. हवा वाढते आणि ती सेवन करणारी चक्रेही त्याच वेळी वाढतात. खाली सगळे सुरळीत आणि ५,००० नंतर गडबड, हे लक्षण या सुपरचार्जरचेच आहे. स्क्रू किंवा रूट्स असता, तर बूस्ट २,५०० लाच पूर्ण आला असता आणि रेग्युलेटरच्या नळीचा दोषही तिथेच दिसला असता. मात्र नळी चुकलेली असेल, तर तुमच्याकडेही तो दोष बूस्टबरोबर वाढत जाऊन वरच जास्त जाणवेल. म्हणून अंदाज बाजूला ठेवून लॉग बघायचा.

वायरिंगबद्दल जरा थांबून बोलतो, कारण पंप बदलूनही लीनच राहिलेल्या गाड्यांमध्ये मला हेच कारण सर्वाधिक सापडते. टाकीतला पंप ही डीसी मोटर आहे. व्होल्टेज कमी तर वेग कमी, वेग कमी तर प्रवाह कमी. लोडखाली दीड व्होल्ट कमी मिळाला, तर प्रवाहात पंधरा-वीस टक्क्यांची घट सहज येते. मूळ वायर मूळ पंपाच्या करंटपुरती बारीक ओढलेली असते. तिच्यावर मोठा पंप जोडला की तो जास्त करंट ओढतो आणि व्होल्टेज वायरमध्येच आणखी गळते. मल्टिमीटरचे एक टोक पंपाच्या प्लसवर, दुसरे पंपाच्याच अर्थवर (मायनसवर) ठेवा आणि पंप चालू असताना, प्लग जोडलेला असताना मोजा. बॅटरीवर १३.८ आणि पंपावर ११.८ असेल, तर पंप विकत घेण्याआधी वायर विकत घ्या.

दुरुस्ती सोपी आहे. बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, टाकीजवळ रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि पंपाजवळच बॉडीवर घासून स्वच्छ केलेल्या जागी अर्थ. अर्थ विसरू नका. अर्धी गळती तिकडे असते. पंपाची मूळ वायर काढून टाकू नका, तिने रिलेची कॉइल चालवा. म्हणजे इंजिन बंद पडले की ईसीयू पूर्वीसारखाच पंप थांबवेल. पंप थेट इग्निशनच्या चावीवर जोडलेली गाडी मी रस्त्यावर सोडत नाही. अपघातात इंजिन बंद पडले, लाइन तुटली आणि पंप मात्र चालूच राहिला, तर पुढे काय होईल हे सांगायला नको.

आता ३०० एचपीचे गणित. सुपरचार्जर क्रँकवरून बेल्टने फिरतो, म्हणजे त्याला फिरवण्याची ताकद इंजिनच निर्माण करते आणि तिथेच खर्च करते. डायनो ती ताकद दाखवत नाही, पण तिच्यासाठी लागणारे पेट्रोल इंजेक्टरला द्यावेच लागते. म्हणून साध्या इंजिनाला प्रति एचपी प्रति तास साधारण २२० ग्रॅम पेट्रोल धरतात, तिथे सुपरचार्जरला मी २७० धरतो. ३०० गुणिले २७० म्हणजे तासाला ८१ किलो. पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर ११० लिटर. चार इंजेक्टरांत वाटले की प्रत्येकी मिनिटाला साधारण ४५५ सीसी. ड्युटी ८० टक्क्यांवर ठेवायचा, तर ५७० सीसी. म्हणजे ३ बारला ६०० ते ६५० सीसीचा इंजेक्टर तुम्हाला पुरतो. तुमचे ३०० जर चाकांवर मोजलेले असतील, तर गिअरबॉक्स आणि ड्राइव्हमधली गळती वर मिळवा, आणि मग इंजेक्टर त्याच प्रमाणात मोठा घ्या.

‘पुढे लागतील म्हणून १,००० सीसीचेच घेतो’ असे अनेकजण म्हणतात. घेता येतात, पण त्याची किंमत कुठे मोजावी लागते ते समजून घ्या. तुमचे इंजिन आयडलला प्रत्येक चक्रात प्रत्येक सिलिंडरला अगदी थेंबभर पेट्रोल मागते. ६०० सीसीचा इंजेक्टर ते साधारण ०.८ मिलिसेकंदात देतो, १,००० सीसीचा अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी वेळात. शिवाय इंजेक्टरची सुई प्रत्यक्ष उचलली जायला १४ व्होल्टला साधारण १ मिलिसेकंद लागतो, त्याला आपण डेड टाइम म्हणतो. ट्यूनमध्ये डेड टाइम ०.१ मिलिसेकंदाने चुकला, तर लहान इंजेक्टरवर आयडलला तेरा टक्क्यांची चूक होते, मोठ्यावर वीस टक्क्यांच्या वर. गाडी थंडीत सुरू होताना खोकते, एसी लावला की आयडल डळमळतो, आणि मालक म्हणतो सुपरचार्जरच खराब. त्यामुळे माझ्या मते इंजेक्टरच्या आकारापेक्षा त्याची माहिती महत्त्वाची. वेगवेगळ्या व्होल्टेजला आणि वेगवेगळ्या प्रेशरच्या फरकाला डेड टाइम किती, अगदी लहान पल्सला प्रवाह किती वाकतो, ही तक्त्यासकट माहिती जो उत्पादक देतो, त्याचेच घ्या. बॉशच्या ईव्ही१४ घराण्यातले, उच्च प्रतिकाराचे म्हणजे १२ ओहमच्या आसपासचे इंजेक्टर बहुतेक ईसीयूंना थेट चालतात. २-३ ओहमचे जुने इंजेक्टर मूळ ईसीयूला सरळ जोडले, तर ईसीयूमधले इंजेक्टर चालवणारे सर्किट जळते. चारही इंजेक्टर एकमेकांशी प्रवाहात जुळवलेले असावेत. वाइडबँड चौघांची सरासरी दाखवतो, लीन चाललेला एकटा सिलिंडर त्यात लपून जातो.

इंजेक्टर न बदलता रेलचे प्रेशर वाढवले तर? ३ वरून ३.५ केले की ८ टक्के मिळतात, ४ केले की साडेपंधरा. छोट्या गरजेला हे चांगले आहे. पण प्रेशर वाढले की पंपाचा प्रवाह घटतो, म्हणजे एका बाजूने मिळवलेले दुसऱ्या बाजूने जाते, आणि तुमच्या ३०० साठी एवढ्याने भागेल असे मला वाटत नाही. जुन्या किटमध्ये बूस्टच्या प्रत्येक बारमागे रेलचे प्रेशर आठ-दहा बारने चढवणारा रेग्युलेटर यायचा. ०.६ बार बूस्टला तो रेल पावणेआठ ते नऊ बारवर नेऊ पाहतो. तिथवर टाकीतल्या पंपाचा रिलीफ वाल्व्ह उघडायला लागतो, आणि काही इंजेक्टरांना इतक्या दाबाविरुद्ध नीट उघडताच येत नाही. तुमच्या गाडीत असा असेल तर काढून टाका. एकास एक चालणारा रेग्युलेटर आणि ईसीयूचे नीट ट्यूनिंग याला पर्याय नाही.

पंपाचे माप असे काढा. ११० लिटर, वर पंचवीस टक्के राखीव, म्हणजे तासाला १४० लिटर; तेही टाकीबाहेरच्या मोकळ्या पाइपात नव्हे, ४ बारला आणि १३ व्होल्टला. पंपाच्या खोक्यावरचा आकडा कोणत्या प्रेशरला आणि किती व्होल्टला मोजलाय ते आलेखात पाहा. तासाला २५५ लिटरच्या वर्गातला टाकीत बसणारा पंप तुमचे काम आरामात करेल. ४०० च्या वर्गातला नको. आयडलला इंजिन तासाला लिटरभरच पिते, बाकी सगळे रिटर्न लाइनने टाकीत परत जाते. लाइन अरुंद असेल, तर रेग्युलेटरला ते मोकळे करताच येत नाही. याची चाचणी सोपी आहे: आयडलला व्हॅक्युम नळी जोडलेली असताना रेलचे प्रेशर ३ पेक्षा बरेच कमी, २.३-२.४ च्या आसपास दिसायला हवे. नळी काढली की ३ वर यावे. नळी लावूनही ते ३ वर किंवा त्याच्याही वरच बसले असेल, तर रेग्युलेटर हरलाय. मोठा रेग्युलेटर किंवा मोठी रिटर्न लाइन लागेल. मोठा पंप सतत फिरवलेल्या पेट्रोलला तापवतोही, आणि टाकी पाव भरलेली असताना गरम पेट्रोलात वाफेचे बुडबुडे होऊन पंप रिकामा फिरू लागतो.

बूस्ट स्विचने दुसरा पंप चालू करायचा, अशी एक सूचना तुम्हाला कुणीतरी करेलच. माझा विरोध आहे. पहिला पंप खालच्या लोडला पुरतो, म्हणून दुसरा बंद पडल्याचे कुणाला कळत नाही. कळते ते थेट फुल बूस्टमध्ये.

लाइन आणि जोडांबाबत थोडक्यात. टाकीच्या आत, पेट्रोलात बुडून राहणारी नळी त्यासाठीच बनवलेली, आर१० दर्जाची हवी. साधी फ्युएल नळी आत वापरली, तर ती बाहेरून फुगते, मऊ पडते आणि शेवटी सुटते. मग पंप टाकीतच गोल गोल पेट्रोल फिरवतो. बाहेर आर९ किंवा पीटीएफई (टेफ्लॉन). इथेनॉल जास्त असलेले इंधन वापरणार असाल तर पीटीएफईच, आणि ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे इंधन) वर जाणार असाल तर वरचे सगळे गणित तीस-पस्तीस टक्क्यांनी वाढवून पुन्हा करा. पंपानंतरचा फिल्टर १० मायक्रॉनचा. इंजेक्टरच्या ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा हात लावून दाबा. कोरडी रिंग कापली जाते आणि गरम एक्झॉस्टच्या वर पेट्रोल ठिबकते. बसवल्यावर इंजिन सुरू न करता पंप दोन-तीनदा चालवा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवा. अग्निशामक हाताशी असू द्या.

तुमची गाडी डायरेक्ट इंजेक्शनची असती, तर उत्तर वेगळे असते. तिथे टाकीतल्या पंपानंतर कॅमवर चालणारा हाय-प्रेशर पंप असतो, आणि पेट्रोल सोडायची खिडकी चक्राच्या थोड्याच भागापुरती उघडते. म्हणून तिथे कारखानेही मूळ भागच बदलतात. जनरल मोटर्सने एलटी१ इंजिनावरून सुपरचार्ज्ड एलटी४ बनवताना जास्त क्षमतेचा पंप आणि इंजेक्टर घातले.

कामाचा क्रम असा ठेवा: लॉग, रेग्युलेटरची नळी, पंपाची वायरिंग, पुन्हा लॉग. दोष तिथेच मिटला तर ०.६ बारवर गाडी खुशाल चालवा. मग पंप व इंजेक्टर एकदमच बसवा आणि जुन्या पुलीवरच ट्यून करा. लहान पुली सगळ्यात शेवटी. नव्या पुलीवर एका दमात रेडलाइनला जाऊ नका. ५,०००, मग ५,५००, मग ६,००० असे थांबत जा, प्रत्येक वेळी फरकाचा स्तंभ आणि ड्युटी पाहा. एक धाव टाकी पाव भरलेली आणि इंजिन चांगले तापलेले असताना घ्या. ईसीयूला सोय असेल तर बूस्टमध्ये रेल आणि मॅनिफोल्डमधला फरक २.७ बारच्या खाली गेला, किंवा मिश्रण १२.८ च्या वर अर्ध्या सेकंदाहून अधिक राहिले, तर इंजिन कट होईल असे सेट करून घ्या. प्रेशर सेन्सर मग काढू नका, तो त्याच कामासाठी कायम गाडीत राहू द्या.